दुसरा पाय

१९६४ साली, दिवाळे गावाच्या धक्क्यावर मुंबईच्या होडीची प्रतीक्षा करत असताना माझ्या मागे एक कोळीण आणि तिची लेक बोलत होत्या. शिष्टाचार म्हणून मी वळून पाहिले नाही.

“आये, बोचक्यात माजे स्केटिंगचे बूट नाय. आज स्पर्धा हाय.”

“खाडीत टाकले, कमळे. तुजी व्हनारी सासू बोलली, सुनेचे पाय कोनी बघायचे नाय. आज वरळीला तिच्याकडंच जायचंय.”

“तू गुडघ्यावर लुगडं खोचून चिखलात मासली धरतेस, ते?”

“ते पोटासाठी.”

“हं.”

“काय करनार व्हतीस स्पर्धेत?”

“चाकांवर एका पायानं आठाचा आकडा काढायचा. मधीच वळून पाठमोरं जायचं, पन रेघ मोडायची नाय.”

“आन् दुसरा पाय टेकला तर?”

“गुन कापतात.”

“होडी लागली बघ. दोनी पाय नीट टेकून चढ.”