टोपीवरचे आकडे

आई: मला काय स्वप्न पडलं होतं? गाडीच्या इंजिनावरच्या त्या काळ्या टोपीवर पांढरं काहीतरी लागलं होतं, मी पुसलं.

बाबा: पांढरं काहीतरी! खडू होता तो. कुठली वायर टोपीच्या कुठल्या भोकात जाते, त्याचे आकडे टाकले होते मी. हात धुवायला आत गेलो तेवढ्यात...

आई: तेवढ्यात मी फडकं फिरवलं. इतकी मळलेली की बघवेना.

बाबा: अगं, इंजिन आहे ते! स्वयंपाकघराचा ओटा नाही!

आई: पण चारही वायरी एकदम उपटल्या कशाला? एक काढायची, एक लावायची. मी शर्टाची बटणं बदलते, ती काय सगळी एकदम तोडून ठेवते?

बाबा: घाई होती.

आई: घाई होती, तर आजच कुठून सुचले हे नवे प्लग आणि वायरी? दोन वर्षांनी पोरगी येतेय. बस यायची वेळ होत आली आणि गाडी अशी तोंड वासून पडलीय.

बाबा: झटके मारते ती. चढावर दम तोडते.

आई: वर्षभर मारतेय. भाजी आणताना नाही खटकलं ते?

बाबा: भाजी काही बोलत नाही.

आई: मला काय वाटतं, सांगू? तुम्हाला जायचंच नाहीये. गाडी खोलून ठेवली की सुटलात. ‘गाडीच बंद, मी काय करणार!’

बाबा: सकाळी ‘मी जातो आणायला’ कोण म्हणालं? तू?

आई: तुम्हीच. माझ्या हातातली बशी पडता पडता राहिली. पण तिने स्वतःच्या मनाने लग्न ठरवलं, तेव्हा दारात उभं राहून जे बोललात, तेही तुम्हीच. ‘जातेस तर जा. परत येशील तेव्हा मी न्यायला येणार नाही.’

बाबा: माहितीये. मला कशाला ऐकवतेस? दोन वर्षं तेच चघळतोय.

आई: मग?

बाबा: मग काय? स्टँडचा चढ ठाऊक आहे ना? तिथे बंद पडली, चार लोक ढकलतायत, आणि ती मागे बसून माझ्याकडे बघतेय... तेवढं नको मला. आज तरी नको.

आई: असं सांगावं ना मग माणसाने.

बाबा: सांगितलं ना आता! बस आत. अंदाजाने लावल्यात चारही. सेल्फ मार.

आई: मारते. ...अगं बाई! फटाका फुटला की काय?

बाबा: बंद कर! बंद कर! चुकलं. आणि बोटही भाजलं. छे, डोकं चालेनासं झालंय.

आई: मेकॅनिकला बोलवा.

बाबा: आज दुकान बंद त्याचं. असतं उघडं, तर मी हा उपद्व्याप केला असता?

आई: ते फडकं द्या इकडे.

बाबा: आता आणखी काय पुसतेस? पुसायला काही शिल्लक ठेवलंयस?

आई: मघाशी घाईत वरवर पुसलं होतं. अर्धवट मला चालत नाही. चांगला थर बसलाय की हो... अहो, इथे काहीतरी उठून आलंय.

बाबा: ओरखडा असेल.

आई: ओरखडा असा एकाच्या आकड्यासारखा? आणि हा तीन. चष्मा कुठंय तुमचा?

बाबा: डोक्यावर. ...हो की! टोपीवरच आहेत आकडे. इतकी वर्षं गाडी चालवतोय, कधी दिसले नाहीत.

आई: मळाखाली होते. आणि म्हणे पुसू नकोस!

बाबा: बरं बरं, पाठ थोपटून घे. आधी वाच. एक कुठे?

आई: तुमच्या अंगठ्यापाशी. नाही, अलीकडे. हां. दोन त्याच्या शेजारी.

बाबा: बसली. तीन सांग... चार... झालं. मार सेल्फ. हळूच.

(इंजिन सुरू होतं आणि सुरूच राहतं.)

आई: थरथरत नाहीये हो.

बाबा: श्श. ऐकू दे जरा. ...जमलं वाटतं.

आई: फोन वाजतोय. तिचाच. ...हां, बोल गं. पोचलीस पण? इतक्यात? ...अहो, बस लवकर आली. टॅक्सी करून येते म्हणतेय.

बाबा: तिला सांग की...

आई: मी नाही. तुम्ही सांगा.

बाबा: हात बघ माझे. काळेकुट्ट.

आई: कानाशी मी धरते. बोला.

बाबा: हॅलो. ...हो, मीच. ...बरा आहे. ...ऐक. टॅक्सी नको करूस. तिथेच थांब. मी न्यायला येतोय.