टेबलं भिंतीकडे वळली तेव्हा

नव्या ऑफिसाचं कौतुक चाललंय म्हणून सांगतो. पंच्याऐंशी साली आमच्या अंधेरीच्या ऑफिसात नवे साहेब आले आणि त्यांनी सगळी टेबलं भिंतीकडे तोंड करून लावली. आधुनिक पद्धत म्हणे. माणसं समोरासमोर नसली की गप्पा मारत नाहीत.

आम्ही नुसते कुरकुरलो. वाट लागली ती सावंतांची. त्यांना जवळजवळ ऐकू येत नव्हतं, समोरच्याचे ओठ वाचून ते वर्षानुवर्षं काम करत होते. साहेब सोडून हे सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेबांनी दोनदा मागून हाक मारली, सावंत हलले नाहीत. तेव्हा साहेब पुढ्यात येऊन म्हणाले, "पुन्हा असं झालं तर घरी बसायचं."

दुसऱ्या दिवशी सावंतांनी दाढीचा आरसा आणून टेबलावर उभा केला. मी आमच्या टाइपिस्ट फिलोमिनाला म्हटलं, "साहेब कारण विचारतील गं."

"एकट्याचाच दिसला तर विचारतील ना!"

सोमवारी प्रत्येक टेबलावर आरसा होता. साहेब दारातच थबकले. "हे ऑफिस आहे की सलून?"

सावंत आरशातून साहेबांचे ओठ बघत होते.

फिलोमिना उठली. "साहेब, तुम्ही मागून येता ते कळतच नाही. उठून उभं राहायला उशीर होतो, बरं दिसत नाही ते."

साहेबांनी वाकून तिच्या आरशात टाय सारखा केला.

"मग एवढेसे कशाला? मोठे आणा."