परत येण्याचा पुरावा

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या प्रवासी कंपनीचे मालक. वेळात वेळ काढून व्यासपीठावर आलेले व्यावसायिक संघाचे चिटणीस. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे फॉर्मकाका म्हणतो. पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आपल्या वहिनी. आणि व्हिसा विभाग, तिकीट विभाग व पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून बसलेला हिशेब विभाग यांतील माझ्या बंधुभगिनींनो,

या कंपनीत गेली बावीस वर्षं कुणाचा सत्कार असो, निरोप असो की दुखवट्याचं पत्र असो, लेखणी माझी. मालक म्हणतात, ‘हेडक्लार्क, तुमच्या भाषेला फुलोरा आहे हो.’ मीही तसंच समजून चालत आलो. आज मात्र मी मानपत्र लिहून आणलेलं नाही. का, ते ओघात येईल. मला दहा मिनिटं दिली आहेत आणि मालकांचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं, तेव्हा थेट काकांकडे वळतो.

एकतीस वर्षं हा माणूस जिन्याजवळच्या त्या टेबलाशी बसला. मागे पांढरी भिंत, खणात फूटपट्टी. फूटपट्टी कशाला? तर गिऱ्हाइकाने आणलेला फोटो मोजायला. हनुवटीपासून डोक्यापर्यंत दोन मिलिमीटर कमी भरले की फोटो परत. एका आजोबांना त्यांनी चारदा स्टुडिओत पाठवलं, कारण आजोबा प्रत्येक फोटोत हसत होते. ‘अहो, नातवाकडे चाललोय, हसू नको तर काय करू?’ आजोबा म्हणाले. काका म्हणाले, ‘आजोबा, व्हिसा हातात पडला की इथे बसून पोटभर हसा. तोवर दातखीळ बसल्यासारखं तोंड ठेवा.’ एका नवऱ्या मुलाने प्रवासाच्या उद्देशापुढे लिहिलं होतं, ‘प्रेम’. काकांनी शांतपणे खोडून ‘पर्यटन’ लिहिलं आणि त्याला म्हणाले, ‘हे तिला सांगा, साहेबाला नको.’

नव्या मुलींना काका काय शिकवायचे? पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने हवी. बँकेचे कागद आणि अर्जातला आकडा जुळला पाहिजे. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, खिडकीपलीकडचा अधिकारी तुम्ही का जाताय हे विचारतो खरा, पण त्याला जाणून घ्यायचं असतं तुम्ही परत का येणार. नोकरी, घर, घरची माणसं, जे काही तुम्हाला इथे बांधून ठेवतं, ते कागदावर दिसलं पाहिजे. ‘त्याला तुमच्या डोळ्यांतलं पाणी दिसत नाही, रजेचं पत्र दिसतं,’ हे त्यांचं वाक्य तर आम्हाला पाठच आहे. या टेबलावरून किती आईबाप लेकरांना भेटायला गेले, याची गणती खुद्द काकांकडेही नाही.

आता मला सांगा मंडळी, एवढ्यांना पाठवणारा हा माणूस स्वतः कधी विमानात बसला का? नाही बसला. हसू नका, मीही हसायचो.

काकांची थोरली बहीण, अक्का, पंधरा वर्षांपूर्वी लेकीकडे परदेशात गेली ती तिथलीच झाली. आई गेल्यावर काकांना वाढवलं ते तिने. वेणी घालता घालता पाढे पाठ करून घ्यायची म्हणे, वेणी स्वतःची आणि पाढे याचे. दर वर्षी काका रजेचा अर्ज लिहायचे, आणि दर वर्षी सुट्टीचा हंगाम यायचा. टेबलासमोर रांग जिन्यापर्यंत. मालक म्हणायचे, ‘काका, एवढा महिना काढा.’ मालक, मी तुम्हाला बोल लावत नाही. ‘काका, तुमच्याशिवाय कसं होणार?’ असं म्हणणाऱ्यांत माझाच आवाज मोठा होता. काका रजेचा अर्ज परत खणात टाकायचे. म्हणायचे, ‘रिटायर झालो की निवांत जाईन.’

दोन वर्षांपूर्वी अक्का विसरायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग लेकीचं सासर. यंदा भाचीने फोन करून सांगितलं, ‘मामा, डॉक्टर म्हणतात माणसं ओळखतेय तोवर भेटून जा. आई दिवसातून दहादा विचारते, माझा भाऊ कधी येणार?’ काकांनी या खेपेला हंगाम बघितला नाही. त्यांनी स्वतःची फाईल उघडली. अशी फाईल मी जन्मात पाहिली नव्हती. प्रत्येक कागदाचा कोपरा जुळलेला, भाचीचं निमंत्रण, घराचे कागद, वहिनी इथेच राहणार असल्याचं पत्र. राहिलं होतं फक्त आपल्या कंपनीचं पत्र, आणि ते द्यायचं होतं मी.

काकांनी मला चार ओळींचा मसुदा दिला होता. अर्जदार अमुक तारखेला निवृत्त होत आहेत. पुढच्या महिन्यापासून ते आमच्याकडेच आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून काम पाहतील. त्यांना सहा आठवड्यांची रजा मंजूर आहे. अमुक तारखेला ते कामावर हजर होतील. झालं. मालकांनी खरोखरच त्यांना सल्लागार नेमलं होतं, त्यात खोटं काही नव्हतं.

मला तो मसुदा कोरडा वाटला. एकतीस वर्षांच्या सेवेबद्दल चार ओळी? मी बाह्या सरसावल्या. पानभर लिहिलं. हाडाची काडं करणारा हा निष्ठावंत सेवक आता सर्व जबाबदाऱ्यांतून मोकळा होत आहे, इथले सारे पाश सुटल्यावर उरलेलं आयुष्य त्यांना मातेसमान बहिणीच्या सहवासात सुखाने घालवता यावं, हीच आम्हा सर्वांची मनोकामना. सल्लागाराचं काम आणि परतीची तारीख या भरात कुठे गळून पडली, मला कळलंही नाही. मालकांनी सही केली. मी ते टायपिस्टबाईंना मोठ्याने वाचूनही दाखवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी खूश झालो.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. छापील कागद, एका चौकटीत खूण. अर्जदार ठरलेल्या मुदतीत परत जाईल अशी आमची खात्री पटलेली नाही.

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं की काकांचं नशीब फुटकं. तिकीट विभागात तर अधिकाऱ्याच्या नावाने खडे फोडणं चालू आहे. तसं नाही. त्या अधिकाऱ्याच्या जागी आपल्या व्हिसा विभागातली काल लागलेली मुलगी असती, तरी तिने तीच खूण केली असती. कंपनी स्वतःच लिहून देते की हा माणूस मोकळा झाला, आता तिकडेच राहो! मी लिहून दिलं ते. मी. हे आज सगळ्यांसमोर सांगायचं होतं, म्हणून मानपत्र नाही.

काकांना मी मंगळवारी विचारलं, ‘तुम्ही प्रत्येक कागद तीनदा वाचता. माझं पत्र वाचलं नव्हतंत?’

‘वाचलं की. तीनदा.’

‘मग काढून का नाही टाकलंत? माझ्या तोंडावर का नाही फेकलंत?’

काका फूटपट्टी पुसत होते. म्हणाले, ‘अहो हेडक्लार्क, माझ्याबद्दल एवढं चांगलं आजवर कुणी लिहिलं नव्हतं. मला कळत होतं हे लावू नये. पण हात होईना. म्हटलं, तिथल्या साहेबालाही कळू दे एकदा.’

मी जागेवर जाऊन बसलो.

पुन्हा अर्ज करता येतो. करणारच आहोत. अर्ज देण्याची तारीख साडेचार महिन्यांनंतरची मिळाली आहे, आणि त्या अर्जात एक रकाना असतो, मागच्या नकारानंतर परिस्थितीत काय बदल झाला? काय लिहायचं? अर्जदार तेव्हा नोकरीत होता, आता नाही. सल्लागाराचं पत्र आज दिलं तर पहिलं पत्र देणारी कंपनीही हीच, मग साहेबाने खरं कुठलं मानायचं? काकांनीच मला हे समजावून सांगितलं, दुसऱ्या कुणाची फाईल असावी तसं. चिटणीससाहेब, आपण मघाशी म्हणालात की प्रयत्नांती मार्ग निघतो. आपला मान राखून सांगतो, मला तो दिसत नाही.

परवा जेवणाच्या सुट्टीत भाचीचा फोन आला तेव्हा मी काकांच्या शेजारीच बसलो होतो. तिने फोन अक्काच्या कानाला लावला. काका म्हणाले, ‘अक्का, मी बोलतोय.’ पलीकडून आवाज आला, ‘कोण आपण?’ काकांनी नाव सांगितलं, लहानपणीचं हाक मारायचं नाव सांगितलं. ती म्हणाली, ‘हो का? माझ्या भावाचं नावही तेच. तो यायचाय माझ्याकडे. तुम्हाला काही ठाऊक आहे का हो, केव्हा येणार?’

काकांनी डोळे मिटले. मग खुर्ची पुढे ओढली, आणि समोर गिऱ्हाईक बसल्यावर लागतो तो आवाज लावला. ‘हो बाई, ठाऊक आहे. मी त्याच ऑफिसातून बोलतोय. त्यांचा अर्ज माझ्याचकडे आहे. सगळे कागद चोख आहेत. होईल त्यांचं काम.’ एकतीस वर्षांत या माणसाने कुठल्याही गिऱ्हाइकाला ‘होईल’ असा शब्द दिलेला मी ऐकला नव्हता. ‘तुमचे उपकार झाले हो,’ अक्का म्हणाली, आणि फोन ठेवला गेला. काकांनी डबा न उघडताच पुढच्या माणसाचा फॉर्म ओढून घेतला.

माझी दहा मिनिटं केव्हाच संपली. अध्यक्षांनी मला थांबवलं नाही, चिटणीससाहेबांनी ऐकून घेतलं, वहिनींनी माझ्याकडे बघायचं टाळलं नाही, आणि हिशेब विभागही जागा राहिला; सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात काही वावगं गेलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. पत्राची माफी मात्र मी सभागृहाकडे मागत नाही, काकांकडेही नाही, ते देऊन बसले आहेत. ती मागायची त्या बाईंकडे. त्या रोज सकाळी आवरून, चपला घालून दाराशी बसतात आणि भाऊ आला का विचारतात, असं त्यांची लेक सांगते. मी त्यांना काय म्हणून सांगू?

नमस्कार.