आपण म्हणा ना, बाई!

आदरणीय अध्यक्ष डोन फेर्मीन, व्यासपीठावरचे फादर अनास्तासिओ, आजच्या सत्कारमूर्ती डॉक्टर नोएलिया, आणि नदीकाठच्या या गावातल्या माझ्या माणसांनो,

डॉक्टरीणबाई उद्या राजधानीला, आसुन्सिओनला परत जाणार. बोलायचा मान मला मिळाला, कारण पुराच्या वेळी त्यांच्याबरोबर बोटीत माझी मुलगी होती. सुनिल्दा. दिवस भरलेली.

पाणी शाळेच्या पायरीला लागलं तेव्हा बाईंनी भोंग्यावरून स्वतः आपल्या ग्वारानी भाषेत सांगितलं, "आम्ही सकाळी बोटीने पलीकडच्या उंचवट्यावर जातोय. घाबरू नका."

आता सांगा, घाबरू नये तर काय करावं? आम्ही जातोय! म्हणजे ते जाणार, आपण बुडणार. बाई राजधानीतल्या, घरात स्पॅनिश. स्पॅनिशला 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक कळत नाही. दोन्हींना एकच शब्द. आणि शाळा तरी तो कशी शिकवणार? ग्वारानी बोललं की आमच्या पिढीला तिथे मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावत. ही भाषा आईनेच द्यायची. मोठ्या युद्धानंतर पुरुष उरले नाहीत, तेव्हाही ती आयांनीच राखली. बाईंच्या आईने मात्र मुलीचं भलं व्हावं म्हणून ती घरात येऊ दिली नव्हती.

सकाळी बाई धक्क्यावर आल्या. बोट होती, इंजिन नव्हतं. ते कुणी काढलं हे मी सांगणार नाही. अध्यक्षांचा मान राखला पाहिजे. एवढंच सांगते, की डोन फेर्मीन त्यावर बसून पाल्याचं गार तेरेरे पीत होते.

"इंजिन द्या," बाई म्हणाल्या. "सुनिल्दाला कळा सुरू झाल्यात."

"तुम्ही निघाला होतात ना? जा की वल्हवत."

"मी एकटी कुठे? आम्ही जातोय!"

"आम्ही म्हणजे कोण?"

"आम्ही म्हणजे तुम्ही, मी, सुनिल्दा, या कोंबड्यासुद्धा!"

डोन फेर्मीन यांनी पेला खाली ठेवला. "मग 'आपण' म्हणा ना, बाई! एका शब्दापायी हे धूड एकट्याने उचललंय मी. कंबर गेली माझी!"

सुनिल्दा माझ्या खांद्याला धरून उभी होती. "हसवू नका हो," ती म्हणाली, "नाहीतर इथेच होईल."

इंजिन बसलं. पहिल्या खेपेला आम्ही गेलो, मग बाकीचे. उंचवट्यावर ताडपत्री बांधली. मी आत रडत होते म्हणून बाईंनी मला बाहेर काढलं. बाहेर सगळं गाव उभं होतं.

मग दुसरंच रडणं ऐकू आलं.

ताडपत्री सरकली. बाई बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत ओले. म्हणाल्या, "आपल्याला मुलगी झाली."

कुणीही त्यांची भाषा सुधारली नाही. मी होते तिथे, चिखलात, बसले आणि हसत राहिले.

भाषणाच्या शेवटी आभार मानायचे असतात. अध्यक्षांचे, फादरांचे, एवढा वेळ ऐकून घेणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून मानते. डॉक्टरीणबाईंचे मानणार नाही. रीत मोडते आहे, बोलण्यात आणखीही काही कमीजास्त झालं असेल; पोटात घाला. पण तेरेरेचा फिरता पेला परत देताना आभार कधी मानतात, हे इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. पुरे झालं, आणखी नको असलं, की मगच.

बाई, माझं अजून पुरे झालेलं नाही.