सांताच्या घोरण्याचं गाणं

कानाच्या दवाखान्यात बाबा आत ऐकण्याचं मशीन बसवून घेत होते आणि बाहेर मायलेकी नाताळची गाणी निवडत होत्या. नावं पुकारणाऱ्या बाईंची नजर भिंतीवरच्या टीव्हीवर होती, पण कान या दोघींकडेच.

“सांता घोरतो ते घे.”

“घेतलं. आणि रेनडिअरच्या लग्नाचा ढोल?”

“तो तर हवाच!”

“आई, मावशी म्हणत होती, यंदा तरी काहीतरी शांत लावा. घंटांचं, बाळ येशूच्या अंगाईचं.”

“मावशीला म्हणावं, कानात बोळे घालून ये. घंटा लागल्या की हे बिचारे नुसते आमच्या तोंडाकडे बघत बसतात. ढोल वाजला की कसे टेबलावर ठेका धरतात!”

“मागच्या नाताळला तर नाचले.”

“मग! तोच पहिला लाव.”

दार उघडून बाबा बाहेर आले. लेकीने हौसेने फोनवर ढोल लावला. बाबा केवढे दचकले!

“अगं, हा काय कालवा?”

“बाबा, तुमचं आवडतं गाणं!”

“हे? आणि तुम्ही सगळे दरवर्षी हे मुकाट्याने ऐकता?”

“मुकाट्याने कुठे? नाचतो की!”

बाबा खुर्चीत टेकले. म्हणाले, “तुझी आई बाळ येशूची अंगाई म्हणायची ना, ती ऐकव.”

“थांबा, फोनवर शोधते.”

“फोन ठेव. हिलाच म्हणू दे.”

“इथे? चारचौघांत?”

“हळूच म्हण. आता येईल ऐकू.”

पुढचं नाव बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते तसंच ठेवलं आणि टीव्ही बंद केला.