म्हैस शेण देईना

मोहाडीच्या गुरांच्या दवाखान्यात सत्यवती शेळी घेऊन बसली होती. पुढे म्हैस धरून मारोतराव, आणि गाईचं औषध न्यायला आलेली त्याची शेजारीण देवकाबाई. सत्यवतीचे कान तिकडेच लागले होते.

"काय झालं म्हशीले, भाऊ?"

"खाते बराबर, दूधही देते. पण शेण अर्ध्यावर आलं, वहिनी. गोबरगॅसवर चहाही उकळून नाही राहिला."

"अगाई. माह्या घरी एकच गाय, तरी दोन्ही वेळचा सैपाक गॅसवरच होते."

"तेच तर मले समजून नाही राहिलं."

"देवाची दया, भाऊ. म्हशीले जरा हिंडवत जा."

"रोज सकाळी तलावावर जाते नं, तुमच्याच दारावरून. हे काहून तुमचा पदर हुंगून राहिली?"

"कधीमधी मूठभर कोंडा टाकतो मी. मुकं जनावर."

कोंडा काही निघाला नाही. तरी म्हशीनं सवयीनं पाठ वळवली आणि देवकाबाईच्या पुढ्यात, सावकाश, घमेलंभर शेण टाकलं.

सत्यवतीनं शेळीच्या पाठीआड तोंड लपवलं.

"कोणाचा नंबर?" डॉक्टरनं आतून विचारलं.

"शेळीवाल्या बाईले घ्या, साहेब. आमचं दुखणं सापडलं."

"मी निघतो, भाऊ."

"निघा, वहिनी. उद्यापासून म्हशीसंगं मीही येत जाईन. चहाले."