उन्हाच्या अंगाची खिडकी

नाही न भाऊ, तिथी नका बसू, तिथी आत्ता ऊन येते. इकडं सरका, सावलीच्या अंगाला. हे एकच बाकडं उरलं आहे पूर्ण डब्यात — बाकीचे उपटले तवा बॅटऱ्या बसल्या, आन आता बॅटऱ्याबी गेल्या. तं लिहा तुम्ही, लिहा. पण मले काहून विचारता? मी पाणी टाकणारी बाई. बॅटऱ्याइले डिस्टिल वॉटर पाजायचं, झाकण लावायचं, पुढं सरकायचं, हेच माहं इंजिनीअरिंग. डबा खाणीच्या गेटवर ठेवणार, खाली पाटी लावणार, आन हे इंजिन कोणामुळं चाललं त्याचं नाव त्या पाटीवर लिहिणार — असंच म्हटलं न तुम्ही? मंग एकच नाव लिहा. सुगतचे बाबा. माहे मालक. नाव मी घेत नाही, तुमच्या वहीत असनच, सकाळी घरी भेटून आले न त्याईले? झालं मंग.

काय म्हणता? विलायतेतबी असे केले होते? जुन्या विजेच्या पॅसेंजरचे डबे, आन त्याचे बॅटरीचे इंजिन, बोगद्यातल्या कामाले? घ्या! म्हणजे त्याईनं आमची नक्कल केली — काय? आमच्या गंज वर्षं आधी? मंग जाऊ द्या, ते नका लिहू. पण त्याईच्याकडं आमच्या नाकाडोंगरीचा मे महिना होता का, ते विचारून पाहा.

आमचं कसं, खाणीतून मॅंगनीज भरलेल्या वॅगन मोठ्या लाइनीवर नेऊन लावायच्या, तीन किलोमीटर. डिझेलचं इंजिन खोकून खोकून मेलं, आन या सायडिंगवर, खाणीच्या फाट्यावर, विजेची तार नाही. तवा आमच्या वासुदेवराव सायबानं लिलावात हा डबा आणला, मेमूचा, विजेवरच्या पॅसेंजर गाडीचा. मोटर याच्या खाली होतीच, फक्त पोटात वीज पायजे होती. लोक हसले, बापा! सिहोऱ्याची माही बहीण चंदा पाहाले आली तं म्हणे, बाई, हे तं नवरदेवाले नांगराले जुंपलं तुम्ही. एक म्हातारी तं पिशवी घेऊन चढली होती, तुमसरले जाते म्हणे. भिंतीवरचे सीटचे नंबर पुसलेच नाही कोणी, मंग बॅटऱ्याइलेबी तेच नंबर. आम्ही म्हणू, आज बारा नंबरची तहानली, आज अठ्ठावीस नंबर रुसली. हसू नका, तसंच बोलत होतो आम्ही.

आन पहिल्याच उन्हाळ्यात इंजिनाचा दम निघाला. भरल्या वॅगन घेऊन चढावावर जाये आन मधातच बसून राहे. सायबानं मीटर लावले, पुण्याहून एक पोट्टा बोलावला गळ्यात कार्ड घातलेला, त्यानं फोटो काढले आन गेला. शेवटी काय निघालं? एका अंगाच्या बॅटऱ्यात पाणी कमी. मंग पाणी कोण टाकत नाही? रजिस्टरवर सही सुगतच्या बाबाची, मी त्याईच्या हाताखाली रोजीवर. ते तवा ठेक्यावर, हेल्पर. सायेब म्हणे, सोमवारपासून येऊ नको. आता पाणी टाकत होती मी, माह्या हातानं, दोन्ही अंगाले बरोबर, आन नोकरी चालली त्याईची. रात्री जेवले नाही ते.

मंग? मंग दुसऱ्या दिवशी मी — नाही, त्याईनं — त्याईनं पाहिलं का, दुपारी इंजिन चार्जिंगले उभं राहते तवा ऊन एकाच अंगानं येते. खिडक्या सताड उघड्या, काहून का बॅटरीचा गॅस बाहेर गेला पायजे, सायबाचा हुकूम. ऊन सरळ बॅटऱ्यावर, आन पाणी उडून जाये. काय केलं म्हणता? काही नाही, शटर पाडले. हे पाहा न, याच्यात पट्ट्या आहे, हवा जाते, ऊन थांबते. पॅसेंजरसाठी बनवले होते. बाईमाणूस गाडीत चढली का पहिले पाहते, ऊन कोणत्या अंगाला येणार. मी भंडाऱ्याले हॉस्पिटलात जात होती न सासूबाईले घेऊन, याच मेमूनं, सकाळी एका अंगाला बसायचं आन परतताना दुसऱ्या. पुरुष कायले पाहते ते? ते चढते आन झोपते.

काय पाहून राहिले असे? मी म्हटलं का, मी पाडले म्हणून? — बरं, पाडले. मीच पाडले. आता नका लिहू पण. सोमवार यायच्या आतच इंजिन असं पळाले लागलं का सायेब सगळ्याइले उभं करून विचारते, शटर पाडाची अक्कल कोणाची? सुगतच्या बाबानं तोंड उघडलं, माहं नाव सांगाले — मी त्याईचा पाय दाबला, चांगला टाचेनं. काहून म्हणता? अहो, मले काय भेटलं असतं? एक नारळ आन एक साडी. त्याईले पर्मनंट केलं, क्वार्टर भेटलं, सुगत शिकला. सौदा बरा होता न? बरा होता. कधी कधी वाटे, घरात तरी एकदा म्हणतीन का विमला, तुह्यामुळं झालं. नाही म्हटलं. मले राग येत होता, खोटं काहून बोलू. मंग म्हटलं, विसरले असतीन.

काय? केव्हा म्हटलं? आज सकाळी? चहा पिता पिता? ‘पाटीवर तिचं नाव टाका, माहा पाय अजून दुखते’ — असं म्हटलं त्याईनं? आन म्हणून तुम्ही माह्याकडं आले, तवाचे मले बोलतं करून राहिले, काही ठाऊक नसल्यावानी? या गोष्टीले बारा वर्षं झाले, एका छताखाली राहून मले नाही सांगतलं, आन सांगतलं तं नागपूरच्या माणसाले.

लिहाच म्हणता. पूर्ण नाव पायजे? विमला — मंग मधात नवऱ्याचं लागते न — तेजराम. विमला तेजराम गजभिये. घ्या, घ्यायला लावलं न नाव. बरोबर लिहिलं न? मधातलं सोडू नका.

उठा आता, तुमसरची बस निघून जाईन. नाही, डोळ्याले काही नाही झालं माह्या. ऊन आलं. जाता जाता ते शटर पाडा.